स्फोटाचा धक्का आणि पवनचक्कीचा पोलादी मनोरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या आसपास पवनचक्क्या नाहीत म्हटलं तरी चालेल. राज्यातल्या पवनचक्क्या साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर, सांगलीत, धुळे-नंदुरबारकडे. तरीही हे प्रश्न नागपुरात येतात, कारण स्फोटकांचा कारभार इथून चालतो. पेसोचं (स्फोटकांचे परवाने देणारी केंद्र सरकारची संस्था) मुख्यालय इथे, भारतीय खाण ब्युरोचं इथे, वेकोलिचंही (वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी) इथेच. शिवाय अमरावती रोडवरचे स्फोटकांचे कारखाने आणि चारी बाजूंच्या गिट्टी खदानी आहेतच. विचारणारे तीन प्रकारचे: इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, पवनऊर्जा साइटवरचे टेक्निशियन आणि क्रशरवाले. सारखे येणारे प्रश्न निवडून एकेका प्रश्नाचं उत्तर एकाच जागी दिलं आहे. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. स्फोटाचा भार म्हणजे नेमकं काय? तो वाऱ्यासारखाच दाब ना?

दाबच, पण त्याचं वेळापत्रक वेगळं. स्फोट झाला की हवेतून धक्कालहर निघते. ती पोचते त्या क्षणी दाब एकदम शिखरावर जातो, काही मिलिसेकंदांत उतरतो, मग काही काळ नेहमीच्या हवेच्या दाबाखाली जातो (म्हणून काही वेळा काचा बाहेरच्या बाजूला पडलेल्या दिसतात) आणि शांत होतो. वाऱ्याचा झोत सेकंदांत मोजायचा, स्फोट मिलिसेकंदांत.

त्यामुळे स्फोटाचा नुसता कमाल दाब सांगून भागत नाही. तो किती वेळ टिकला हेही लागतं. दाब आणि वेळ यांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे आवेग. मनोऱ्याच्या बाबतीत बऱ्याचदा हा आवेगच निर्णायक ठरतो.

आणखी एक. लहर पृष्ठभागावर आपटून परतते तेव्हा तिथला दाब वाढतो. लहर कमजोर असेल तर दुपटीच्या आसपास, फार तीव्र असेल तर साध्या सिद्धांतानुसारसुद्धा आठपटीपर्यंत. बातम्यांत येणारा आकडा यातला कोणता, हे बहुधा लिहिलेलं नसतं.

२. मनोऱ्याची साधारण मापं काय धरायची?

८० ते १२० मीटर उंच, आत पोकळ, वर निमुळता होत जाणारा पोलादी नळा. तळाशी व्यास ४ ते साडेचार मीटर, कारण त्याहून जाड तुकडा रस्त्याने नेताना पूल आडवे येतात. प्लेटची जाडी तळाशी ३० मिमी किंवा जास्त, वर १२-१५ मिमी. २०-३० मीटरचे तुकडे फ्लँज (तुकड्याच्या टोकाची जाड कडी) आणि बोल्टने जोडलेले. माथ्यावर नॅसेल (जनित्र वगैरे असलेली पेटी) आणि पाती मिळून शंभर टनांच्या वर वजन. पुढचे हिशोब याच मापांवर केलेले आहेत. ते ढोबळ आहेत, डिझाइनसाठी नाहीत.

३. वादळाला उभा राहणारा मनोरा स्फोटालाही उभा राहीलच ना?

अख्खा मनोरा आडवा होईल का, एवढाच प्रश्न असेल तर दूरच्या स्फोटात हो, राहतो. हिशोब बघा. आयएस ८७५ या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रतिसेकंद. त्याचा दाब साधारण १.१६ किलोपास्कल. हा वेग ३ सेकंदांच्या झोताचा आहे, म्हणजे आवेग झाला ३,५०० पास्कल-सेकंदांच्या घरात. आता असा स्फोट घ्या की मनोऱ्यापाशी दाब १० किलोपास्कल आहे आणि तो २० मिलिसेकंदांत शून्यावर येतो. घरांच्या काचा फोडायला हा दाब पुरतो. त्याचा आवेग मात्र १०० पास्कल-सेकंदच. दाब वाऱ्याच्या आठ-नऊ पट, आवेग पस्तिसावा हिस्सा.

मनोऱ्याची पहिली डोलण्याची वारंवारता ०.२ ते ०.४ हर्ट्झ, म्हणजे एक झोका पुरा व्हायला अडीच ते पाच सेकंद. २० मिलिसेकंदांत तो हलायला सुरुवातही करत नाही, तोवर भार निघून गेलेला असतो. वरच्या उदाहरणात माथा फार तर दहा-वीस सेंटिमीटर हलेल, आणि बऱ्या वाऱ्यात वीज तयार करताना तो रोज त्याहून जास्त हलतो.

पण ही सगळी गोष्ट दूरच्या स्फोटाची. डुलणाऱ्या झाडाला गोफणीचा दगड बसला तर झाड वाकत नाही, साल मात्र सोलून निघते. जवळच्या स्फोटात मनोऱ्याची साल म्हणजे प्लेट. पुढचे तीन प्रश्न तिच्यावर आहेत.

४. जवळच्या स्फोटात मनोरा कुठे मार खातो?

समोरच्या बाजूच्या प्लेटवर, आणि बहुतेक वेळा खालच्या तुकड्यात, कारण तोच सर्वांत जवळ असतो.

पूर्ण मनोऱ्याचा झोका सेकंदांचा असला तरी प्लेटची हालचाल फार चपळ असते. ४ मीटर व्यासाच्या नळ्याचं घेरभर फुगणं-आकसणं अडीच मिलिसेकंदांच्या आवर्तनाने होतं. गोल घेर चेपून लांबट होण्याच्या हालचाली त्याहून संथ, पण झोक्याच्या तुलनेत चपळच. म्हणजे स्फोटाचा वेळ आणि प्लेटचा वेळ एकमेकांच्या जवळपास येतात. अख्ख्या मनोऱ्याला जे जाणवलं नाही ते प्लेटला पुरेपूर जाणवतं.

इथे जाडी दोनदा कामाला येते. २० मिमी प्लेटचं वजन दर चौरस मीटरला १५७ किलो, १२ मिमीचं ९४. तेवढ्याच आवेगाने जड प्लेटला कमी वेग मिळतो, आणि जी मिळते ती ऊर्जा रिचवायची ताकदही तिच्यात जास्त असते. जाड भाग तळाशी असणं हे मनोऱ्याचं नशीब. ती योजना वाऱ्यासाठी केलेली आहे, स्फोटासाठी नाही.

गोल आकाराचाही फायदा होतो. सपाट भिंतीवर लहर अडते. नळ्यावरून ती घसरून मागे जाते, आणि समोरच्या रेषेपासून बाजूला जावं तसा दाब उतरतो. ४ मीटर व्यास ओलांडायला ध्वनीच्या वेगाने साधारण १२ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात मागच्या बाजूलाही दाब पोचतो आणि निव्वळ ढकल कमी होते.

५. स्फोट होऊन गेला, मनोरा उभा आहे, फक्त पोचा पडलाय. मग काळजी कसली?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो सर्वांत हलक्या सुरात विचारला जातो.

वरचं वजन आणि मनोऱ्याचं स्वतःचं वजन मिळून ३५० टन धरा. तळाशी ४ मीटर व्यास, ३० मिमी जाडी. नुसत्या वजनाने प्लेटवर येणारा ताण फक्त ९ मेगापास्कलच्या आसपास. पोलादाची ताकद ३५० च्या घरात. म्हणून शांत दिवशी पोचा पडलेला मनोरा आरामात उभा राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काही झालं नाही. खरा ताण वाकण्यातून येतो, जोराच्या वाऱ्यात, आणि तो यापेक्षा कितीतरी पट मोठा असतो.

पातळ नळ्यावर उभा दाब आला की तो चुरगळतो किती भाराला, हे त्याच्या आकाराच्या नेमकेपणावर अवलंबून असतं. जुन्या प्रयोगांत नळ्या सूत्राने सांगितलेल्या भाराच्या निम्म्याहून कमी भारात चुरगळायच्या आणि कारण कळत नव्हतं. १९४१ मध्ये फॉन कारमान आणि च्येन यांनी, १९४५ मध्ये कॉइटर यांनी ते कोडं सोडवलं: डोळ्यांना न दिसणारा बाकही ताकद खाऊन टाकतो. डोळ्यांना दिसणाऱ्या पोच्याचं मग काय सांगावं.

युरोपीय मानकात निर्मितीच्याच वेळी पोच्याची मर्यादा घातलेली आहे. २ मीटर त्रिज्या आणि २० मिमी जाडीच्या नळ्याला ८० सेंटिमीटरची सरळ पट्टी उभी टेकवायची. मधल्या श्रेणीच्या कामात पट्टी आणि प्लेट यांत ८ मिमीहून जास्त फट नको. कारखान्यातून निघताना ८ मिमीवर हरकत घेतात, आणि स्फोटानंतर तळहात बसेल एवढ्या पोच्याला लोक किरकोळ म्हणतात!

पोचा कोणत्या दिशेला आहे तेही बघा. आपल्याकडे पावसाळ्यात मोठा वारा नैऋत्य-पश्चिमेकडून. तेव्हा दाबाखाली येते ती मनोऱ्याची ईशान्य-पूर्व बाजू. पोचा त्या बाजूला असेल तर जूनच्या आधी निर्णय झालाच पाहिजे. नैऋत्येला असेल तर थोडी उसंत आहे, माफी नाही.

६. दार, फ्लँज, बोल्ट यांचं काय?

दार ही मनोऱ्याची कमजोर जागा. प्लेट कापून तिथे भोक पाडलेलं असतं आणि भोवती जाड चौकट वेल्ड केलेली असते. वाऱ्याच्या रोजच्या ताणातही दाराच्या कोपऱ्यांवर डिझाइनर सर्वांत जास्त वेळ घालवतो. स्फोटात दाराचं पान वाकून अडकतं किंवा आत फेकलं जातं. त्याहून वाईट म्हणजे चौकटीचा वेल्ड चिरतो आणि रंगाखाली लपून राहतो.

फ्लँजचे बोल्ट १०.९ दर्जाचे (जास्त ताकदीचे), एम३६ ते एम४८ (३६ ते ४८ मिमी व्यासाचे) वगैरे, आधीच ताणून बसवलेले. धक्क्याने बोल्ट तुटला तर निदान दिसतो तरी. फ्लँजच्या फटीत किंचित हालचाल होऊन ताण उतरला तर काहीच दिसत नाही, आणि ढिल्या बोल्टवर थकव्याचा (पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराचा) मार झपाट्याने वाढतो.

७. वेगाने भार आला की पोलाद जास्त मजबूत होतं, हे खरं की परीक्षेपुरतं?

खरं आहे. साध्या पोलादासाठी काउपर-सायमंड्सचं सूत्र वापरतात: पोलाद ताणलं जाण्याचा (विकृतीचा) दर सेकंदाला ४० झाला की वाकायला लागण्याची ताकद दुप्पट. मनोऱ्याच्या जास्त ताकदीच्या पोलादाला हा लाभ कमी मिळतो. विद्यार्थी साध्या पोलादाचे स्थिरांक जसेच्या तसे मनोऱ्याला लावतात आणि पोचा कमी आला म्हणून खूश होतात. वेल्डलगतच्या तापलेल्या पट्ट्यात तर हा लाभ धरूच नये. तिथे आधी भेग जाते.

८. अंतर दुप्पट केलं की परिणाम निम्मा होतो का?

नाही, कमाल दाब निम्म्याहून बराच खाली येतो. हॉपकिन्सन (१९१५) आणि क्रान्झ (१९२६) यांचा घनमूळ नियम सांगतो की अंतर भागिले स्फोटकाच्या वजनाचं घनमूळ, हे गुणोत्तर सारखं असेल तर कमाल दाब सारखा. म्हणून दुप्पट अंतरावर तोच दाब यायला आठपट स्फोटक लागतं.

मेख पुढे आहे. दाब तोच आला तरी त्या मोठ्या स्फोटात तो दुप्पट वेळ टिकतो, म्हणून आवेग दुप्पट. प्रश्न १ मध्ये म्हटलं तसं मनोरा आवेगावर चालतो. तेव्हा ‘दाब सारखा म्हणजे नुकसान सारखं’ हे समीकरण इथे चालत नाही.

९. मनोरा पाडायला किती स्फोटक लागेल?

या प्रश्नाचं उत्तर आम्ही देत नाही, प्रोजेक्टसाठी असलं तरी. आयुष्य संपलेली पवनचक्की साधारणपणे क्रेनने, उभारणीच्या उलट्या क्रमाने, तुकडे सोडवून उतरवतात.

१०. शेजारी गिट्टी खदान आहे, रोज बार उडतात. मनोऱ्याला धोका आहे का?

इथे हवेपेक्षा जमिनीच्या हादऱ्याचा प्रश्न असतो. खदानीचे हादरे साधारण ५ ते ६० हर्ट्झचे, मनोऱ्याचा झोका ०.३ हर्ट्झचा. जुळणीच होत नाही. शिवाय सरकणं किती, तेही बघा: १० हर्ट्झला जमिनीचा वेग २० मिमी प्रतिसेकंद असेल तर जमीन जागेवरून हलते फक्त ०.३ मिमी.

खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात हादऱ्याच्या मर्यादा आहेत. खाणीच्या मालकीची नसलेली राहती घरं घेतली तर ८ हर्ट्झच्या खाली ५ मिमी प्रतिसेकंद, ८ ते २५ मध्ये १०, त्यावर १५. औद्योगिक इमारतींना तेच १०, २०, २५. ऐतिहासिक वास्तूंना २, ५, १०. पवनचक्कीच्या मनोऱ्यासाठी वेगळा रकाना नाही. आमच्या मते औद्योगिक इमारतीचा आकडा धरावा, पण मोजमाप पायाच्या काँक्रीटवर घ्यावं, शेताच्या मातीत यंत्र खुपसून नाही.

कोळशाच्या उघड्या खाणीत मातीचा थर उडवताना मोठे बार होतात आणि हादऱ्याची वारंवारता खाली येते. मनोऱ्याची दुसरी डोलण्याची तऱ्हा काही हर्ट्झवर असते, म्हणून तिथे ‘जुळणी होत नाही’ हे न मोजता म्हणू नका.

खदानीचा खरा धोका उडालेल्या दगडाचा. मनोऱ्याला ओरखडा येईल; पात्याला लागला तर फायबर फुटतं आणि पावसात पाणी आत शिरतं.

११. बार झाला आणि मशिन ट्रिप झालं (आपोआप बंद पडलं). मनोरा हलला म्हणूनच ना?

बहुधा नाही. नॅसेलमधला कंपनाचा सेन्सर, ट्रान्सफॉर्मरचा बुखोल्ट्झ रिले (तेलात वायू झाला की इशारा देणारं उपकरण) किंवा एखादा ढिला संपर्क आधी तपासा. बुखोल्ट्झ रिले हादऱ्याने खोटा इशारा देतो, हे जुन्या सबस्टेशनवाल्यांना ठाऊक असतं. खदानीच्या बाराची नोंद आणि स्काडातली (पवनचक्कीच्या संगणकीय नोंदींतली) वेळ सेकंदापर्यंत जुळवा. दोन्ही घड्याळं बरोबर आहेत याची खात्री न करता खदानवाल्याशी भांडायला जाऊ नका.

१२. डिसेंबरात त्याच खदानीचा आवाज जास्त का येतो?

थंडीत सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. मग वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. आवाज मोठा आला म्हणजे मनोऱ्याला धोका, असं नाही: १३४ डेसिबलचा हवेतला धक्का म्हणजे फक्त १०० पास्कल, ताशी ४६ किमीच्या वाऱ्याइतका दाब. घराची तावदानं खडखडतात तेवढ्याने, आणि तक्रार त्यांचीच असते.

१३. स्फोट मनोऱ्याच्या आत झाला तर?

हा अपवाद नीट समजून घ्या, कारण बाहेरच्या स्फोटाचे बरेच नियम इथे उलटतात. स्विचगियर किंवा ट्रान्सफॉर्मर तळाशी आत असेल आणि त्यात आर्क (विजेची मोठी ठिणगी) झाला, तर गरम वायू कोंडला जातो. दाबाचं शिखर लहान, पण तो टिकतो जास्त.

नळ्याला याचं ओझं नाही. ५० किलोपास्कल दाब, २ मीटर त्रिज्या, २० मिमी जाडी: घेरावरचा ताण ५ मेगापास्कल. पण तोच दाब दीड चौरस मीटरच्या दारावर आला की साडेसात टन ढकल होते. दार उडतं, आतले प्लॅटफॉर्म उचकटतात, आणि शिडीवर माणूस असेल तर नळ्याचं धुराडं होतं. म्हणून आर्क-चाचणी झालेलं स्विचगियर आणि वायूला बाहेर जायची ठरलेली वाट हवी. पोलाद वाचलं म्हणून प्रसंग किरकोळ ठरत नाही.

१४. टँकर पेटला, स्फोटही झाला. दोन्ही मिळून काय?

आगीचं भय जास्त. ६०० अंशांना पोलादाची ताकद निम्म्याहून थोडी कमी उरते. पोचा पडलेली बाजूच तापली तर प्रश्न ५ मधला ‘शांत दिवशी उभा राहतो’ हा दिलासा मिळत नाही.

१५. जाळीचा किंवा काँक्रीटचा मनोरा बरा का?

जाळीच्या मनोऱ्यावर लहरीला आपटायला क्षेत्रफळच कमी, पण एखादा पाय तुटला तर मोठी आफत. काँक्रीट जड असल्याने आवेगाला चांगलं, मात्र आतल्या बाजूने त्याचे पापुद्रे उडतात. निवड वाहतूक, किंमत आणि वारा यांवर होते. स्फोटासाठी कुणी मनोऱ्याचा प्रकार बदललेला आम्ही पाहिलेला नाही.

१६. प्रोजेक्टसाठी मॉडेल करतोय. सगळे जण कुठे चुकतात?

चार जागी. मनोरा काठीसारखा एकरेषीय धरतात, मग पोचा दिसणारच नाही. निदान खालचा तुकडा शेल घटकांनी करा. वजनाचा भार आधी न लावता थेट स्फोट लावतात. सपाट भिंतीचे दाब-आलेख पूर्ण घेरावर सारखेच लावतात (प्रश्न ४ पाहा). आणि विश्लेषण स्फोटानंतर अर्ध्या सेकंदात थांबवतात, जेव्हा मनोऱ्याने पहिला झोकाही पुरा केलेला नसतो.

स्फोटरोधक बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४९९१ हे १९६८ चं आहे. त्यापासून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. अमेरिकी संरक्षण खात्याची त्याच विषयावरची यूएफसी ३-३४०-०२ ही पुस्तिका सोबत ठेवा. पवनचक्की चालू होती की बंद, हेही लिहा. चालू असेल तर पात्यांची ढकल आधीच मनोऱ्याला वाकवून ठेवते.

१७. स्फोटकांच्या मॅगझिनजवळ (कोठाराजवळ) पवनचक्की उभारता येईल का?

मॅगझिनभोवतीची सुरक्षित अंतरं स्फोटक नियम २००८ प्रमाणे, साठ्याचं प्रमाण आणि प्रकार बघून ठरतात. परवाना पेसोचा. अंतरात बांधकाम आलं तर साठा कमी करायची वेळ येते, म्हणून मॅगझिनवाला हरकत घेणारच. जमीन घेण्याआधी चौकशी करा, पाया ओतल्यावर नाही.

१८. पोच्याचा फोटो पाठवतो. मशिन चालू करू का, सांगाल?

फोटोवरून नाही. उन्हाच्या तिरिपेत २ मिमीचा बाक खड्डा दिसतो, आणि ढगाळ दिवशी २० मिमीचा दिसत नाही. मशिन बंदच ठेवा आणि एवढं पाठवा: पोचा जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या दिशेला, ८० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून सर्वांत मोठी फट किती, प्लेटची जाडी (अल्ट्रासॉनिक गेजने, ड्रॉइंगवरून नाही), जवळचा वेल्ड पोच्यापासून किती अंतरावर आणि त्यावरचा रंग तडकला आहे का. दाराची चौकट आणि वरखालचे फ्लँज यांची वेल्ड-तपासणी व बोल्टचा ताण वेगळ्या कागदावर. मूळ डिझाइन ज्यांचं आहे त्यांनाही हेच पाठवा. त्यांच्या लेखी होकाराशिवाय आम्ही हो म्हणणार नाही.